अण्णांचा आवडता गिटारवादक

दोन शेंगापोळ्या, वर वाटीभर तूप आणि त्यावर ताक, एवढं पोटात गेल्यावर सुकुमार चौगुले झोपतो असं म्हणता येणार नाही. झोपच येऊन त्याच्या छातीवर बसते. दुपार आहे. पंखा फिरतोय आणि फिरता फिरता खोकतोय. कॉटवर पडल्या पडल्या सुकुमारला स्वयंपाकघरातून आवाज येतो, पण तो आईचा नाही, भांड्यांचा. आई बोलत नाहीये. भांडी बोलतायत, आणि ती काय बोलतायत ते त्याला नीट कळतंय.

अण्णांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, जाऊन आज वर्ष झालं. संध्याकाळी त्यांच्या हवाईयन गिटार मंडळानं कार्यक्रम ठेवलाय. मांडीवर गिटार आडवी घ्यायची, तारांवरून पोलादी रॉड फिरवायचा आणि जुन्या सिनेमातली गाणी वाजवायची, असं हे मिरजेतल्या म्हाताऱ्यांचं मंडळ. यात जो पोरसवदा समजला जातो तोही पेन्शन घेतो. कार्यक्रमाचा शेवट ठरलाय: पद्मावती चौगुले, म्हणजे आई, तिचं नेहमीचं पद म्हणणार आणि सुकुमार साथ करणार. अण्णा होते तोवर रोज संध्याकाळी दिवा लावला की आई एक पद म्हणायची आणि अण्णा मांडीवर गिटार घेऊन तिच्या मागं असायचे. लग्नाच्या वर्षापासूनचा हा नेम. अण्णा गेले आणि आईनं गाणं बंद केलं ते केलंच. आज ती गायली तर गायली, नाही तर ती आता कायमची गप्प होणार, हे सुकुमारला आतून कळतंय आणि त्याची त्याला भीती वाटतेय.

आणि इथंच घोडं पेंड खातंय, कारण सकाळच्या तालमीत घाण केली ती त्यानंच. त्यानं स्वतःची, पुण्यात शिकलेली, छातीशी धरून पडद्यांवर बोटं दाबायची गिटार काढली. शेजारी मोबाईल ठेवला, त्यात सूर तपासणारं ॲप लावलं. आई गायला लागली की काटा लाल. “आई, जरा वर घे.” “आई, आता जास्त वर गेलीस.” “आई, हा सूरच नाही.” आई उठली. “मी काही येत नाही संध्याकाळी. तूच गा,” म्हणाली आणि शेंगदाणे कुटायला बसली. त्यानं नाना प्रकारे विनवण्या केल्या. शेंगापोळ्या झाल्या, समेट झाला नाही.

त्यात पट्टणशेट्टी सर. ते निवेदन करणार, म्हणून सकाळपासून फोनवर फोन. “सुकुमार, अण्णांचा आवडता गिटारवादक कोण? प्रेरणा कुणाची? नाव पाहिजे हो, नावाशिवाय निवेदन उभं राहत नाही.” मंडळात बाकी प्रत्येकाकडे प्रेरणा आहे. कुणी रेडिओवर बातम्यांच्या आधी वाजणारी धून ऐकून गिटार घेतली, कुणी ऑर्केस्ट्रातला झगमगीत कोटवाला बघून, आणि स्वतः पट्टणशेट्टी सरांनी समोरच्या खिडकीतल्या मुलीवर छाप पाडायला. मुलगी लग्न होऊन बेळगावला गेली, गिटार राहिली. अण्णांनी मात्र कधी कुणाचं नाव घेतलं नाही. तंबोऱ्याच्या गावात राहून या माणसानं गिटार का धरली, हे कुणालाच माहीत नाही. सुकुमार कूस बदलतो. खड्ड्यात गेली ती प्रेरणा, असं त्याच्या मनात येतं.

“सरक जरा,” कुणीतरी म्हणतं.

कॉटच्या कडेला अण्णा बसलेत. रेल्वेतला तोच कोट, तोच चष्मा.

“अण्णा!”

“पंख्याला तेल घातलं नाहीस.”

सुकुमार कपाळावर हात मारतो. लोकांची मेलेली माणसं स्वप्नात येऊन आशीर्वाद देतात, पुरलेलं धन दाखवतात. याचे वडील मागं एकदा आले ते गॅसचा रेग्युलेटर बंद केलास का विचारायला, आणि त्यानंतर आले ते शेजाऱ्यांनी नेलेली छत्री मागून आण म्हणून सांगायला.

“अण्णा, आई गात नाही.”

“माहिताय. वजन बघ त्याचं.”

पार्सल ऑफिसात आंब्याच्या पेट्या छताला टेकल्यात. अण्णांनी जन्मभर इथं पार्सलं मोजली. सुकुमार आता हातगाडीवर पडलाय, उशी मात्र घरचीच आहे. अण्णा मोठ्या काट्यावर गिटार ठेवतात, चष्मा वर करून बघतात आणि समाधान न झाल्यासारखे पुन्हा उचलून ठेवतात. बाहेर फलाटावर भोंगा बोलायला लागतो, आवाज पट्टणशेट्टी सरांचा आहे. कृपया लक्ष द्या. भूपाल चौगुले यांचा आवडता गिटारवादक अनिश्चित काळासाठी उशिरानं धावत आहे.

“ऐकलंत?” सुकुमार म्हणतो. “आता तरी सांगा की. कोण तुमचा आवडता?”

“कोण नाही.”

“असं कसं कोण नाही?”

“मला गिटार आवडत नाही.”

सुकुमार हातगाडीवर उठून बसतो. “काय?”

“पहिल्यापासून नाही. मला सनई आवडती. पण ती घरात वाजवली की शेजारी विचारत येणार, लगीन कुणाचं. गिटारचा आवाज म्हणजे मांजर जिन्यावरून घसरत आल्यागत.”

“जन्मभर वाजवलीत तुम्ही!”

“पार्सलंही जन्मभर मोजली. आवड होती म्हणून?”

याला काय म्हणावं? सुकुमारला आठवतं, लहानपणी मित्र क्रिकेट खेळायला जायचे तेव्हा अण्णा त्याला गिटारच्या सरावाला बसवायचे. न आवडणाऱ्या वाद्यासाठी त्याच्या कितीतरी सुट्ट्या गेल्या. त्याचं डोकं सटकतं.

“मग कशाला वाजवलीत? सरळ सांगा.”

“ओरडू नकोस. पूजा चालू आहे.”

बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, सभामंडपात सतरंज्या घातल्यात. देवापुढं बायका दाटीवाटीनं बसल्यात आणि त्यांच्या पुढं एक नवी नवरी, कोपरापर्यंत हिरवा चुडा, मान खाली घालून पद म्हणतेय. सुकुमार तिला ओळखतो. त्याच्याहून ती कितीतरी लहान आहे. ती गाते आणि पेटीवाले मास्तर पेटीवर बोटं नाचवत तिला शोधतात. मग पेटी थांबवतात.

“वहिनी, तुम्हाला शोधू कुठं? काळीतही सापडत नाही, पांढरीतही नाही.”

बायका हसतात. एकदोघी पदर तोंडाला लावतात. मास्तर मोबाईल काढून तिच्यापुढं धरतात, त्यावर लाल काटा थरथरतोय. “जरा वर घ्या,” मास्तर म्हणतात, आणि तो आवाज सुकुमारचा आहे. नवरी तोंड मिटते. कसं मिटते ते त्यानं आज सकाळीच पाहिलंय. त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

“घरी आल्यावर गप्प,” अण्णा त्याच्या कानाशी म्हणतात. “सगळी कामं करायची, हसायची, पण गुणगुणणंसुद्धा नाही. कित्येक महिने. नुसती भांडी वाजायची. मी नवा नवरा, मला काय सुचंना. मग एक गोव्याचा माणूस पार्सल सोडवायला आला. खोक्यात गिटार. मोडली का बघतो म्हणून तिथंच मांडीवर घेऊन वाजवली त्यानं.”

“आणि तुम्ही भारावलात.”

“कसला भारावतोय. बेताचंच वाजवत होता. पण रॉड फिरताना बघितला मी. पेटीला घरं आखून दिलेली, या घरातनं त्या घरात उडी मारायची. याला घरंच नाहीत. वाटेत पाहिजे तिथं थांबतंय. म्हटलं, हे वाद्य कुणाला थांबवणार नाही.”

सुकुमार अगदी हळू विचारतो, “म्हणजे आई बेसूर...”

“तोंड सांभाळ.” अण्णा पहिल्यांदाच रागावतात. “बेसूर नाही. दोन पडद्यांच्या मधे बरीच जागा असती. ती तिथं गाती. मी तिथं जाऊन बसत होतो. तेवढंच माझं वाजवणं.”

“अहो, मग हे जिवंतपणी सांगायला काय झालं होतं? मी सकाळी तिला नको ते बोललो!”

“तू विचारलंस कधी? तू विचारायचास, कुठल्या कंपनीच्या तारा चांगल्या.”

हेही खरंच आहे, आणि खरं आहे म्हणून सुकुमार जास्तच चिडतो. “बरं. आता उठतो आणि तिला सांगतो सगळं.”

“अजिबात नाही! तिला वाटतं ती सुरात गाती आणि नवरा गिटारवेडा. तसंच राहू दे. वचन दे.”

“आणि पट्टणशेट्टींना काय सांगू?”

“कुठलं तरी परदेशी नाव सांग. कुणी ऐकलेलं नसलं की टाळ्या जास्त पडतात.”

स्वयंपाकघरात पोळपाटाशेजारी अण्णा फतकल मारून बसलेत आणि त्यांची गिटार सुकुमारच्या मांडीवर आडवी आहे. अण्णा कोटाच्या खिशातून पावडरचा डबा काढतात, सुकुमारचा डावा हात ओढून घेतात आणि लहान मुलाला लावावी तशी त्याला पावडर फासतात. “घामानं रॉड अडकतो. हां, आता ने.”

तो रॉड नेतो आणि पडद्याच्या रेषेवर नेमका थांबवतो.

“रेषेवर कशाला थांबतोस?”

“सूर तिथं आहे, अण्णा.”

“तुला सूर गाठायचा आहे का तुझ्या आईला? पुढं पळू नकोस. ती कुठं चालली बघ आणि मागनं जा. अरे, हात आहे का झारा?”

“मला येत नाही!” सुकुमार ओरडतो. “तुम्ही वाजवा की! तुम्हीच वाजवायला पाहिजे होतं आज, मी नाही!”

बोलता बोलता त्याला रडू फुटतं. वर्षभरात फुटलं नव्हतं. अंत्यविधी, कागदपत्रं, पाहुणे, सगळ्यातून तो कोरडा बाहेर आला होता, आणि आता पोळपाटाशेजारी बसून तो हमसून हमसून रडतोय. अण्णा त्याच्याकडे बघत राहतात. ते आता जवळ घेतील, निदान डोक्यावर हात तरी ठेवतील, असं त्याला वाटतं.

“तूप कमी खा,” अण्णा म्हणतात आणि उठतात. “तेलाची बुधली कुठं ठेवलीस? तो पंखा...”

“अण्णा, थांबा! अण्णा!”

“काय झालं रे?”

दारात आई उभी आहे, हातात चहाचा कप. ऊन भिंतीवरून खाली आलंय. सुकुमारची उशी ओली आहे. तो घाईनं डोळे पुसायला जातो आणि हात अर्ध्यावर थांबतो. डावा हात, बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत, पावडरनं पांढराफटक झालाय.

आईही त्या हाताकडे बघते. कप टेबलावर ठेवते.

सुकुमारला काहीतरी बोलणं भाग आहे आणि वचन तर मोडायचं नाही. “आई,” तो म्हणतो, “अण्णांना गिटारचं भारीच वेड होतं, नाही?”

“वेड कसलं डोंबलाचं. गिटार आवडत नव्हती त्यांना. सनई लागली की रेडिओला कान लावून बसायचे.”

सुकुमारचं तोंड उघडं राहतं. “मग वाजवायचे कशाला?”

“मला सूर नाही म्हणून.” आई कॉटवर बसते आणि त्याचा पांढरा हात आपल्या मांडीवर घेते. “कान आहेत की मला. त्या पेटीवाल्यानं थांबवलं ते बरोबरच थांबवलं. मी ठरवलंच होतं, आता आयुष्यात गायचं नाही, सुटले. तर हे एक दिवस खांद्यावर ते धूड घेऊन आले. चार महिने बोटं सोलून घेतली. आता मी गात नाही म्हटलं असतं तर माणूस किती खट्टू झाला असता? म्हणून गायले. त्यांना वाटायचं, मला कळत नाही. मीही कळू दिलं नाही.”

एकाला गिटार आवडत नाही, दुसरीला गायचं नाही, आणि रोज दिवेलागणीला दोघं एकमेकांसाठी मैफल जमवून बसतात, जन्मभर! सुकुमारला हसावं की डोकं आपटावं ते कळत नाही.

“मग आता कुणासाठी गायचं, सांग?” आई म्हणते. “तुला माझी चूक तेवढी दिसती.”

“आता नाही दाखवणार,” तो म्हणतो. “चुकलं माझं, आई.”

ती त्याचा हात उलटा करते, पावडर बोटांच्या बेचक्यांत नीट पसरवते. “धुऊ नकोस हां. ऊठ, त्यांची गिटार काढ. तुझा हात कितपत बसतोय बघू या.”

तो अण्णांची गिटार मांडीवर आडवी घेतो. रॉड थंड आहे आणि जड आहे. आई खाकरते, पदर सावरते आणि सकाळी मिटलेलं तोंड पुन्हा उघडते. आवाज फाटतो, सावरतो, वर चढायला लागतो आणि दोन पडद्यांच्या मधे कुठंतरी जाऊन थांबतो. सुकुमार तिच्या मागं निघतो. रॉड पुढं जातो, फार पुढं जातो, मागं येतो, तरी ती जागा सापडत नाही. आईचा श्वास संपत आलाय, मान ताठ झालीय, पण ती तो सूर सोडत नाही. तो तिथं येऊन पोचेपर्यंत ती धरून ठेवते.