न उचलायचा फोन

आषाढातला, इथल्या आडी महिन्यातला, वारा तंजावरात पहाटेपासूनच पिसाळतो. त्या दिवशीही मागीलदारचे नारळ झावळ्यांनी एकमेकांना झोडत होते, आणि करंट गेला होता. वसुमतीने भिजलेले तांदूळ, डाळी आणि लाल मिरच्या दगडी रगड्यात ओतल्या आणि अडैच्या जाड डोशांचं पीठ वाटायला घेतलं. जाडसर हवं. तिच्या भावाला बारीक वाटलेलं चालत नाही. त्याला फारसं काही चालतच नाही.

भाऊ म्हणजे सीतारामराव. पापनाशमजवळ कालव्याकाठी भाताची जमीन, हॉलमध्ये रंगीत टीव्ही, आणि टीव्हीशेजारी क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला फोन. नवा जमाना आला, वर्षानुवर्षं अडकलेले अर्ज मंजूर झाले, गल्लीच्या टोकाला पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ उघडला. बाकीचं तंजावर बोलायला शिकलं आणि सीतारामराव न बोलायला. फोन उचलला तर पैसे पडतात, नुसता वाजला तर पडत नाहीत, एवढं एक त्यांना उमगलं, आणि त्यावर त्यांनी अख्खं शास्त्र उभं केलं. एक रिंग देऊन ठेवला, की सुखरूप पोचलो. चार म्हणजे बस स्टँडवर स्कूटर घेऊन या. शेतावरच्या तंगवेलुला दोन: कालव्यात पाणी आलं. पाचांपुढे वाजत राहिला तर कोणी परका असणार. खुशाल उचला, पैसे त्याचे. सीतारामराव हे सगळं पाहुण्यांना सांगत तेव्हा देशाचं बजेट मांडल्यासारखा चेहरा करत.

मोजायचं काम वसुमतीचं. नवरा गेल्यावर मुलीला, नंदिताला, घेऊन ती इथे आली, तेव्हापासून स्वैपाक आणि धुणं तिच्याकडे होतंच. त्यात ह्याची भर पडली. हातातलं टाकून फोनपाशी जायचं, उभं राहायचं आणि उचलायचं नाही. कुत्र्यालासुद्धा लोक याहून बरं काम देतात.

म्हातारी आत्या इथून ओरत्तनाडूला परत गेली आणि पोचताच वारली, तेव्हाची गोष्ट. आत्याची माणसंही सीतारामरावांच्याच रक्ताची. मेल्याच्या किती रिंगा ते ठरलेलं नव्हतं, आणि बोलायला जीव होईना. त्यांनी आपली एक देऊन ठेवली. "सुखरूप पोचली बघ," म्हणून सीतारामरावांनी कॉफी मागवली होती.

आता नंदिता चेन्नईला गेली होती, कॉम्प्युटरच्या कंपनीत मुलाखतीला. निघताना मामांनी तिला शास्त्र पढवलं. नोकरी मिळाली तर दोन. नाही मिळाली तर तीन, आणि रात्रीच्या गाडीने परत. परत आली की ओरत्तनाडूचा राइस मिलवाला तयारच होता, बायको मेलेला, दोन पोरांचा. त्याच्याशी सीतारामरावांनी सुपारी सोडून सगळं बोलून ठेवलं होतं.

"दोन तंगवेलुच्या आहेत, अण्णा," वसुमती म्हणाली होती.

"तो पहाटे वाजवतो, ही ऑफिस उघडल्यावर वाजवेल. वेळेवरून कळत नाही कां? डोकं रगड्यात घालून आलीस की काय?"

आणि आज, ऊन अंगणात चांगलं उतरल्यावर, फोन वाजला. वसुमती पिठाच्या हातांनी धावली. एक. दोन. बंद.

सीतारामराव आरामखुर्चीतून उठलेच. "पाणी आलं."

"ही कोठे पहाट आहे, अण्णा? नंदिता असेल."

"एवढ्यात निकाल सांगायला काय कंपनीवाले तिची वाट बघत बसलेत? वरून पाणी सोडलंय, मी पेपरात वाचलंय. छत्री दे."

ज्या माणसाने भाचीला आणि कालव्याला एकच खूण वाटून दिली, त्याला ऐकू येणार तो कालवाच. छत्री वाऱ्याने उलटी होऊ नये म्हणून काखेत दाबून ते पापनाशमच्या बसला गेले.

वसुमती रगड्याकडे गेली नाही. तिथेच उभी राहिली. दोन तंगवेलुच्या की दोन तिच्या, हे भिंतीला विचारायचं की छताला? तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. एक. दोन. तिसरी वाजायच्या आत तिने रुमालासकट रिसीव्हर उचलला.

"आई? तू कां उचललास? इथे मीटर पळूलाय."

"पळू दे. बोल."

"मघाच्या दोन माझ्याच गं."

"मामा त्या ऐकून पापनाशमला गेला. पाणी बघायला."

पलीकडून हसू. मग नंदिता भराभर म्हणाली, "नोकरी मिळाली. पण सुरुवातीला हैदराबादला पाठवणार, शिकायला. जाणार की नाही ते उद्या कळवायचंय. मामा परगावी नको म्हणतील. म्हणून परत लावला, पण ह्याला किती रिंगा द्यायच्या तेच कळेना."

"ह्याला रिंग नसते. जा."

"आणि तू?"

"शिकून आलीस की चेन्नईला खोली घे, मग मी येते. मोजून मोजून कंटाळले मी. तिथे फोन नको पण."

"फोन लागेल की, आई."

"सरी, घेऊ. पण उचलायचा घेऊ."

"आणि तो मिलवाला?"

"त्याला तीन देऊन ठेव. समजेल."

मग वसुमतीने काय खाल्लंस, कोठे झोपलीस, मुलाखतीला कुठली साडी नेसलीस, सगळं विचारलं. मीटरची आठवण दोघींपैकी कोणालाच झाली नाही.

धुणं वाळत घालून झालं तेव्हा फोन वाजला. एक, आणि बंद. सुखरूप पोचले. मग बराच वेळ काही नाही. मग दोन. लगेच चार. मग तीन आणि थोडी अर्धवट. कालवा तर कोरडा, मग त्या दोन कोणाच्या, असं विचारायला सीतारामरावांच्या शास्त्रात रिंग नव्हती, आणि पाचांपुढे वाजू द्यायचं म्हणजे वसू उचलणार, पैसे पडणार.

वसुमतीने पदराने रिसीव्हरवरचं वाळलेलं पीठ खरवडून काढलं आणि रुमाल धुवायला टाकला. आत फोन वाजत राहिला. तिने तो मोजला नाही. मागीलदारी जाऊन रगड्यात ओंजळभर पाणी घातलं आणि उरलेलं वाटायला घेतलं, बारीक.