न मारलेली हाक

दोसिंदाचं लग्न झालं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि तिचे दोन्ही कान शाबूत होते. डावा गेला लग्नाच्या चौथ्या वर्षी, बटाटे करपले म्हणून. नवऱ्याने, एलादियोने, स्वतःच तिला गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं आणि गोठ्यात गाय उधळली असं सांगितलं. डॉक्टरने तसंच लिहून घेतलं. आमच्या, स्पेनमधल्या गालिसियाच्या डोंगरात त्या काळी गायी फार उधळायच्या.

गावात मात्र एलादियोला कोणी वाईट म्हणत नसे. कामाला वाघ, हसतमुख, कोणाच्याही कापणीला न बोलावता हजर. तिसाव्या वर्षी विषमज्वराने मरणाच्या दारातून परत आला, तेव्हा अंथरुणातूनच त्याने सान आंद्रेस या संताच्या देवळी चालत येण्याचा नवस बोलला. बरा झाला आणि विसरला. पुढे अकरा वर्षांनी चेस्टनटच्या झाडावरून पडून मेला. दोसिंदा दफनाच्या वेळी रडली, हे सगळ्यांनी नीट पाहून घेतलं.

सान आंद्रेसचं देऊळ समुद्राच्या कड्यावर आहे, आमच्या गावापासून दोन दिवसांच्या वाटेवर. जो जिवंतपणी तिथे गेला नाही त्याला मेल्यावर जावं लागतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एकटा गेला तर सरडा होऊन, गोगलगाय होऊन, शंभर वर्षं सरपटत जातो. पण घरच्या माणसाने थडग्यावर तीनदा टकटक करून नावाने हाक मारली, तर तो उठून सोबत चालू लागतो आणि सुटतो. बिनलग्नाच्याला आईने बोलवायचं, लग्न झालेल्याला बायकोने. दुसऱ्या कोणाच्या हाकेला तो उठत नाही.

एलादियोच्या मागे दोन वर्षांत दोन गायी गाभडल्या, तेव्हा सासूने, बालबीनाबाईंनी, निकाल दिला की एलादियो तळमळतोय. बाईंचं वय सत्याहत्तर, गुडघे सुजलेले, पण मुलासाठी त्या कड्यापर्यंत रांगतही गेल्या असत्या. एका शनिवारी सकाळी दोघी निघाल्या. बाईंच्या हातात काठी, दोसिंदाच्या पाठीवर शिधा आणि गळ्यात नाड्यांनी बांधलेले एलादियोचे बूट. वाट दगडांची आहे, पोराने अनवाणी का चालावं, असं बाईंचं म्हणणं होतं. त्या बुटांची ओळख दोसिंदाच्या बरगड्यांना चांगलीच होती.

हाक मारताना बायकोने एकटीनेच असायचं, म्हणून बाई दफनभूमीच्या फाटकाशी थांबल्या. दोसिंदा थडग्यापाशी गेली. टकटक करायला हात उचलायचा होता, तो उचललाच गेला नाही. तिने काही ठरवलं नव्हतं; ठरवण्याची सवयच तिला राहिली नव्हती. ती मागे वळली.

"आला ना?" बाईंनी विचारलं.

"चला," दोसिंदा म्हणाली.

गावाबाहेरच्या क्रुसापाशी सांगू, असं तिने मनाशी म्हटलं. क्रूस गेला. ओढा गेला. तिचाही या गोष्टींवर पुरा विश्वास होता. तो तिथेच मातीत पडून आहे, आणि आपण त्याच्या म्हातारीला रिकाम्या वाटेवरून नेतोय, हे पावलागणिक तिला टोचत होतं. एकदा देवळाशी पोहोचलं की बाईंकडून ही वाट पुन्हा होणार नव्हती. परत फिरायचं तर आजच.

बाई मात्र खुशीत होत्या. मेलेल्याशी वाटभर बोलत राहावं लागतं, नाहीतर तो रेंगाळतो, आणि बाईंनी तेवीस वर्षांत सुनेशी जेवढं बोलणं केलं नव्हतं तेवढं एका दिवसात मुलाशी केलं. इथे चिखल आहे बाबा, जप. ते बघ, ओव्हिदियोने भिंत कशी वाकडी बांधलीय. दुपारी त्यांनी भाकरीचे तीन भाग केले, मोठा एलादियोपुढे ठेवला आणि नंतर तो चिमण्यांना टाकला. दोसिंदाने हात पुढे केला होता, तो तिने मागे घेतला. संध्याकाळी ज्या घरी उतरल्या तिथे दोनच खाटा होत्या. एक बाईंची, एक एलादियोची. दोसिंदा चुलीजवळच्या बाकावर निजली. घरमालकीण तिला गोधडी देताना पुटपुटली, "बाई गं, मेल्यावर तरी पाठ सोडायची याने."

दुसऱ्या दिवशी चढ लागला. बाई दर वीस पावलांवर थांबत, धापा टाकत, पुन्हा निघत. ओठ निळे पडले होते. ते पाहून दोसिंदाला राहवेना. परत नेऊ, पायावर डोकं ठेवू, शिव्या खाऊ, पण सांगून टाकू. तिने तोंड उघडलं आणि तेवढ्यात बाई बोलू लागल्या. बाई तिच्या डाव्या बाजूने चालत होत्या, बहिऱ्या कानाकडून. बोलणं एलादियोशी होतं.

"मी तुझ्या आड कधी आले नाही, बाबा. माझं घर, माझी भिंत, पलीकडे सगळं ऐकू यायचं. ती ओरडायला लागली की मी रेडिओवरची जपमाळेची प्रार्थना मोठी करायचे. म्हटलं, माझ्या लेकाचा आवाज गावात जाऊ नये. तिच्या पोटातलं गेलं त्या दिवशीही मोठीच केली होती. कधी कोणाला सांगितलं नाही बघ. आईने लेकराचं झाकायचंच असतं."

माणसाचा एक कान गेला की दुसरा तिखट होतो. दोसिंदाने शब्दन् शब्द ऐकला. ते पोर तिने परसात, अंजिराखाली स्वतःच्या हाताने पुरलं होतं आणि बाईंना कळू नये म्हणून ती आठवडाभर कण्हलीसुद्धा नव्हती. सासूच्या जिवाला घोर नको, म्हणून.

तिने तोंड मिटलं. बाईंना दंडाला धरून, जपून, एकेक पाऊल करत तिने कड्यापर्यंत नेलं.

देवळाखाली झरा आहे. भाकरीचा तुकडा टाकायचा. तरंगला तर संताने ऐकलं. बाईंनी एलादियोच्या नावाचा तुकडा टाकला. तो तरंगला. बाई रडू लागल्या. "पोहोचला," त्या म्हणाल्या, "माझा पोर सुटला."

दोसिंदाने गळ्यातले बूट काढून बाईंच्या मांडीवर ठेवले. "तो आला नाही, आई. मी त्याला हाकच मारली नाही."

बाईंनी बूट उचलून पाहिले. मग म्हणाल्या, "मग दोन दिवस मी कोणाशी बोलत होते?"

"माझ्याशी," दोसिंदा म्हणाली. "सगळं ऐकलं मी."

परत त्या मोटारीने आल्या. बाईंनी गावात अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं. एकदा त्या काठी टेकत दफनभूमीत गेल्या, थडगं ठोकठोक ठोकलं, हाका मारल्या आणि क्रुसापर्यंत जाऊन खाली बसल्या. दोसिंदानेच त्यांना उचलून घरी आणलं.

त्यानंतर बाई चार वर्षं जगल्या, शेवटची दोन अंथरुणावर. दोसिंदाने त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं, पाठीला जखम होऊ दिली नाही. सून असावी तर अशी, असं गावात म्हणत. दर शनिवारी बाई विचारत, "जातेस का गं? एकदाच हाक मार." आणि दोसिंदा आवाज न चढवता म्हणे, "नाही, आई."

शेवटच्या दुपारी पाद्री येऊन अखेरचं पवित्र तेल लावून गेला. बाईंनी दोसिंदाचा हात धरला. "मी जाते तिथे तो नसेल का गं?"

दोसिंदाने फडक्याचं टोक पाण्यात बुडवून त्यांचे ओठ ओले केले.

"नसेल," ती म्हणाली, आणि त्यांची उशी नीट केली.