बधिर करंगळी घेऊन धारला

रेवा, अन्वय, देवासची टेकडी धुक्यात होती तेव्हाच मी आणि नलूआजी, म्हणजे माझी धाकटी जाऊ, सायकलींवर बसलो. जायचं होतं धारला, माझ्या नणंदेकडे. वाटेत इंदूरला एक मुक्काम. तुमच्या आईला मी शब्द दिला होता: वाटेत हात पुन्हा बधिर झाले आणि धारला पोचल्यावर सकाळपर्यंत ताळ्यावर आले नाहीत, तर सायकल देऊन टाकीन. त्यामुळे पहिल्या पेडलपासून माझं लक्ष रस्त्यापेक्षा बोटांकडेच.

इंदूरपर्यंत बोटं शहाण्यासारखी वागली. कुरकुर केली ती बैठकीनं. तुम्ही पाठवलेली गादीची विजार सलवारीच्या आत घालूनही सीटचं नाक टोचत राहिलं. मुक्कामी मी पाना काढून ते नाक चांगलं खाली झुकवलं आणि समाधानानं झोपले.

दुसऱ्या दिवशी बसायला खरंच सुख वाटलं. दोन्हीकडे कोवळा गहू, लसणाचे वाफे, काळी ओली माती. पण बेटमा येईतो करंगळीत मुंग्या आल्या, मग शेजारच्या बोटात. ब्रेक धरलाय की नाही, हे डोळ्यांनी पाहावं लागे. पोहे खायला थांबलो, तर चमचाच हातातून गळाला.

"माताजी, लोडिंग (मालवाहू टेम्पो) में बिठा दूँ क्या? धार ही जा रही है," पोहेवाला म्हणाला.

"लावू का फोन तुमच्या लेकीला?" नलूनं विचारलं.

"खबरदार!"

पुढे ती मुद्दाम शेजारून चालवू लागली. "जाऊबाई, दरबारात बसल्यासारख्या ताठ काय? कोपरं तरी वाकवा!"

"तू आधी मागे हो! ट्रक येतोय, दिसत नाही?" मी हात उगारून तिला झापलं. आणि त्या उगारलेल्या हाताच्या बोटांत हळूहळू ऊब उतरली. मग दुसरा हात उचलून झापलं. तोही हळूहळू जागा झाला. नलूला सांगितलं तर म्हणते, "मग धारपर्यंत बोला मला. सासूबाईंपासूनची सवय आहे."

घाटाबिल्लोदला चंबळेच्या पुलाअलीकडे सावलीत टेकलो, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. सीट झुकवल्यामुळे मी सारखी पुढे घसरत होते आणि ते घसरणं तळहातांनी थोपवत होते. एका दुखण्याची सोय मी दुसऱ्याच्या डोक्यावर लावली होती! पुन्हा पाना. सीट जवळजवळ सपाट केली, कोपरं सैल सोडली. दर थोड्या वेळानं हातांची जागा बदलली, आणि पेडलवर उभी राहून बैठकीलाही उसंत दिली.

"अगंबाई, माहेरचं नाव काढलंत!" नलू हसत सुटली. रस्त्यावरचे लोकही बघत होते. बघोत.

धारला वन्सं दारातच उभ्या. "वहिनी, चालवत आलात की लादून?"

"चालवत. करंगळी तेवढी मागे राहिली."

त्यांनी बाफले (कणकेचे उकडून भाजलेले गोळे) तुपात बुडवून वाढले, पण माझं चित्त ताटात नव्हतं. करंगळी दाबून पाहावी, तर दुसऱ्या कुणाची दाबतेय असं वाटे. उठून अंगणात फिरले, पुन्हा बसले, पुन्हा उठले.

सकाळी आंघोळीच्या पाण्याचा तांब्या उचलला आणि पितळेचा गारठा करंगळीला लागला. मी ओरडलेच. वन्संना वाटलं, अंगावर पाल पडली.

एक दिवस विसावून आल्या वाटेनं परतलो. सारा रस्ता मी एका जागी स्वस्थ बसले नाही, आणि बोटं शेवटपर्यंत माझी राहिली. शरीराला या वयात समजावून चालत नाही, त्याच्या तक्रारीमागे धावावं लागतं. एकीचं निवारण केलं की दुसरी हजर. तुम्हांला मराठी वाचता येत नाही, हे आईच वाचून दाखवणार, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही: आता मान आखडली आहे. उद्या हॅन्डल जरा वर घेते. सायकल मात्र देत नाही.