हिराभाई आणि माझं जर्मन तिकीट

हिराभाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या ग्रंथासाठी मी लिहावं, असा आग्रह झाला. त्यांना सर्वांत जवळून मीच पाहिलं आहे, असं संपादकांचं म्हणणं. ते खरं आहे. ज्याचा हेवा वाटतो त्या माणसाकडे आपण फार बारकाईने पाहत असतो.

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी हिराभाई शहाद्याच्या आमच्या हायस्कूलात चित्रकलेचे शिक्षक म्हणून रुजू झाले. ते कोरीट गावचे, घरची शेती. मी तिथे आधीपासून इतिहास शिकवत होतो. तोवर तालुक्यात पोस्टाची तिकिटं म्हटलं की माझंच नाव निघे. आमच्या संग्राहक मंडळाची बैठक रविवारी माझ्या ओसरीवर भरायची. पहिल्याच रविवारी त्यांनी माझा जर्मनीचा आल्बम पाहिला, चहा घेतला, सौभाग्यवतींच्या हातच्या पोह्यांची तारीफ केली. निघताना मला दाराबाहेर बोलावून हळूच म्हणाले, की तिसऱ्या पानावरच्या तिकिटावर जुनी किंमत खोडून मारलेला नव्या किमतीचा छाप बनावट वाटतो. चारचौघांत सांगितलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

त्यांची तपासण्याची रीत साधी होती. एस.टी. स्टँडवरच्या मेकॅनिककडून बाटलीत थोडं पेट्रोल आणायचं, काळ्या बशीत तिकीट पालथं ठेवायचं आणि वर दोन थेंब सोडायचे. कागदातलं जलचिन्ह क्षणभर उमटतं आणि विरतं. तेवढ्यात ते पाहून मोकळे होत. मी चष्मा पुसेपर्यंत तिकीट वाळलेलं असे.

खापर गावच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरांनी मुंबईहून टपालाने जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याचं एक जुनं तिकीट मागवलं होतं. त्या तिकिटांच्या कागदात लाल रेशमाचा धागा असतो. हिराभाईंनी ओल्या कापसाने मागची बाजू टिपली, तर धागा कापसावर आला. लाल पेन्सिलीची रेघ होती ती. कंपाउंडरांचा चेहरा उतरला. हिराभाईंनी स्वतःच्या संग्रहातलं एक खरं तिकीट त्यांना दिलं आणि ते खोटं मागून घेतलं, पुन्हा कोणी फसू नये म्हणून. कंपाउंडर हसत घरी गेले. मी एखाद्याचं तिकीट खरं म्हटलं, तरी तो माणूस खात्री करायला हिराभाईंकडे जाई, आणि त्यांनी खोटं म्हटलं तरी समाधानाने परते. याचा मला राग येई. अजून येतो.

पुढे गावातल्या एका जिनिंगवाल्या शेटजींनी माळा साफ करताना जुनी पाकिटं आम्हा दोघांना वाटून दिली. ब्रेमेनच्या कापूस व्यापाऱ्यांची, जर्मनीत पैशाला कवडीची किंमत उरली नव्हती त्या काळातली. तेव्हाची कोरी तिकिटं आजही ढिगाने मिळतात. मात्र खरोखर टपालातून गेलेली फार थोडी. म्हणून लबाड लोक कोऱ्यांवर मागाहून खोटी मोहर मारतात. हे सगळं मला पाठ होतं. तरीही आल्बमात नीट बसावीत म्हणून मी माझी पाकिटं परातीत भिजवली, तिकिटं सोडवली, टीपकागदात वाळवली आणि उरलेले कागद बंबात घातले. हिराभाईंनी आपली मळकी पाकिटं तशीच ठेवली. मी त्यांना हसलो होतो.

त्यातलं माझं सर्वांत मोलाचं तिकीट नंदुरबारच्या प्रदर्शनात मी मधोमध मांडलं. धुळ्याहून आलेल्या परीक्षकांनी भिंग लावलं आणि मोहर मागाहून मारलेली दिसते, असं सगळ्यांसमोर म्हणाले. पाकीट कुठे आहे, असंही विचारलं. ते तर बंबात जळून गेलं होतं. परीक्षक तिकीट मांडणीतून काढायला निघाले, आणि त्याबरोबर तालुक्यातली माझी उरलीसुरली पतही चालली होती. हिराभाई एस.टी.ने शहाद्याला गेले आणि प्रदर्शन बंद होण्याआधी आपली पाकिटं घेऊन परतले. त्यातल्या एकावर ब्रेमेनचीच, त्याच महिन्याची मोहर होती. दोन्ही मोहरांचं वर्तुळ एकाच जागी तुटलेलं होतं, म्हणजे शिक्का टपाल कचेरीतला तोच. परीक्षकांनी मान डोलावली. हिराभाई माझ्याजवळ येऊन म्हणाले, "अण्णा, तुमनं तिकीट खरं शे. पन पाकीट ऱ्हातं तं माले धावानी गरजच नही पडती."

तिकिटाला पहिलं बक्षीस मिळालं. लोकांनी गर्दी केली ती हिराभाईंभोवती. पेढे मी वाटले, आणि माझ्याच पेढ्यांवर त्यांचं अभिनंदन झालं. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी विचारलं, हिराभाईंना जेवायला थांबवलं नाहीत का? तिकिटाबद्दल अवाक्षर नाही.

अशा माणसाशी वैर धरणंही अवघड. त्यांच्याइतकी नजर मला मिळाली नाही, याचं दुःख मी रोज करतो, आणि ती नजर माझ्या कामी आली, हे विसरताही येत नाही. परमेश्वराने हिराभाईंना उत्तम आरोग्य द्यावं, त्यांचे डोळे शाबूत ठेवावेत. माझी एकच इच्छा बाकी आहे: एकदा, निदान एकदा, त्यांनी माझ्यादेखत खोट्या तिकिटाला खरं म्हणावं. आजवरचा अनुभव पाहता त्या दिवसाला फार अवकाश आहे. म्हणून त्यांनी शंभरी गाठावी, आणि परमेश्वराने तोवर मलाही जगवावं.