चल घरात

तो व्हिडिओ मी मोबाईलमधून अजून काढून टाकलेला नाही. त्यात माणूस दिसत नाही, नुसता हात दिसतो. हातात भाकरीचा तुकडा आणि समोर आमची कुत्री. हात लोखंडी पिंजऱ्यात जातो, तुकडा ठेवून बाहेर येतो. मग अगदी हळू, लाडातला आवाज: "चल घरात." कुत्री शेपूट हलवत आत जाते आणि वळून बघते, कारण आत गेल्यावर आपल्याला शाबास म्हणतात हे तिला पक्कं माहीत. तिला शाबासही म्हटलं जातं. मग तिच्या मागची झडप लागते.

पिंजरा बिबट्यासाठी लावलेला होता. हात आमच्या मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. तो लाडाचा सूर मात्र माझा होता, मीच त्यांना शिकवलेला.

आमची वस्ती राहुरी तालुक्यात, पाटाच्या कडेला. चारी बाजूंनी ऊस. बिबट्या उसातच राहतो, मादी उसातच विते, आणि उसाचा फड तुटला की तो उघड्यावर येतो. कुत्रं हे त्याचं सगळ्यात सोपं खाणं. मागच्या दिवाळीत आमचा जुना कुत्रा गेला. सकाळी पाहिलं तर खुंट्याला साखळी तशीच आणि पट्टा तुटलेला. मालकांचं मत असं की कुत्रं दिवसा बांधून ठेवलं की तिखट होतं. त्या दिवशी ते सोडायला विसरले होते. बिबट्याला ताट वाढून ठेवल्यासारखंच झालं. मी तेव्हा त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

ही कुत्री तेव्हा लहान होती. ती त्याआधीच्या हंगामात ऊसतोडीच्या टोळीबरोबर आली होती. टोळी माझ्या माहेरच्या बाजूची, शेवगावकडची. हंगाम संपला, पाचटाच्या कोप्या मोडल्या, ट्रकमध्ये भांडीकुंडी भरली, आणि त्यातल्या एका बाईनं पिल्लू माझ्या पदरात टाकलं. "तुज्या म्हायेरची हाय, संबाळ," एवढंच म्हणाली. पिल्लाचा एक कान कुणीतरी अर्धा कापलेला होता. कान कापला की कुत्रं चलाख होतं म्हणतात. असं म्हणणाऱ्यांचे कान एकदा मला कापायचेत. बघूया किती चलाख होतात ते.

जुना कुत्रा गेल्यावर मालकांनी वेल्डिंगवाल्याकडून जाळीचं भक्कम खुराडं करून आणलं. रात्री कुत्री त्यात राहील म्हणजे बिबट्याची भीती नाही. विचार चांगला होता, पण पहिल्याच संध्याकाळी त्यांनी तिला मानगुटीला धरून आत कोंबलं. ती त्यांच्या अंगठ्याला चावली. त्यांनी लाथ घातली. पुढचे आठ दिवस कुत्री अंगणात पाय ठेवीना. उसाच्या बांधावर बसून घराकडे बघत राहायची.

"कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच," मालक म्हणाले.

"शेपूट ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं. "तुमी आदी लाथ सरळ करा."

मग मी तिच्या मागे लागले, म्हणजे खरं तर तिच्या मागे लागायचं सोडून दिलं. उसाला तुरे आले होते तेव्हाची गोष्ट. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. खुराड्याचं दार मी बिजागरीतून काढून टाकलं. भाकरीचा तुकडा खुराड्यापासून लांब ठेवायचा आणि तिच्याकडे पाठ करून लसूण सोलत बसायचं. ती यायची, तुकडा उचलायची, पळायची. मी बघतसुद्धा नसे. रोज तुकडा वीतभर आत सरकायचा. कधी ती दारापर्यंत येऊन जांभई द्यायची, जिभेनं नाक चाटायची. सुरुवातीला मला वाटलं झोप आली असेल. मग लक्षात आलं, ही घाबरली की असं करते. ते दिसलं की मी तुकडा उचलून पुन्हा बाहेर ठेवायचे. जावेला हे सगळं बघून हसू आवरायचं नाही. "कुत्रीला आता शाळंत घाल, डबा मी देते," म्हणायची.

ती स्वतःहून आत जायला लागली, तेव्हाच मी त्याला शब्द जोडला. चल घरात. मग दार परत बसवलं, पण लावलं नाही. मग लावलं आणि लगेच उघडलं. मग लसणाची एक कुडी सोलून होईपर्यंत लावलं. होळीपर्यंत ती रात्रभर आत शांत झोपायला लागली. एका संध्याकाळी भाकरी घ्यायला मी विसरले आणि सवयीनं शब्द तोंडातून गेला. ती आत जाऊन बसली आणि माझ्या हाताकडे बघत राहिली. मी चुलीपाशी धावत गेले आणि तव्यावरची अर्धी कच्ची भाकरी घेऊन आले. हा शब्द कधी खोटा पडू द्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं. जनावरांचे डॉक्टर सुई टोचायला आले तेव्हा मी तिला अंगणात मांडीवर धरलं, पण शब्द वापरला नाही. आंघोळीलाही नाही. त्या शब्दात फक्त भाकरी, शाबासकी आणि सकाळ एवढंच असलं पाहिजे, असा माझा हट्ट होता.

उन्हाळ्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मला आठ दिवस माहेरी जावं लागणार होतं. कुत्रीची काळजी होती, कारण फड तुटून गेले होते आणि पाटाच्या कडेला पावलं उमटायला लागली होती. म्हणून मी मालकांना शिकवायला बसले.

मालकांचा आवाज तीन शेतं ओलांडून जाणारा. पिकाला पाणी देताना बाऱ्याला उभं राहून ओरडायची सवय. मी त्यांना म्हटलं, "आवाज खाली घ्या. तिच्या डोळ्यात बघू नका. हात डोक्यावरून नको, खालून न्या. अन् आत गेली की शाबास म्हनायचं, मगच दार." ते आधी हसले. मग खरंच जमिनीवर मांडी घालून बसले. साठीला टेकलेला माणूस हातात भाकरीचा तुकडा धरून कुत्रीकडे पाठ करून बसलाय, हे बघून मला भरून आलं. ज्या अंगठ्याला ती चावली होती त्याच अंगठ्याशी धरलेला तुकडा तिने तिसऱ्या दिवशी खाल्ला, आणि चौथ्या दिवशी त्यांच्या शब्दावर आत गेली.

"गेली की गं!" ते म्हणाले. लग्न झाल्यापासून मी त्यांना इतकं खूश फार वेळा पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी मला माझा नवरा फार आवडला. हे मी लपवणार नाही.

"जा तू निवांत," ते म्हणाले. "मी हाय की."

शेवगावहून मी रोज दिवेलागणीला फोन करायचे. "गेली का घरात?" "गेली." चार दिवस हेच. पाचव्या दिवशीही ते म्हणाले, "गेली." आवाज जरा घाईचा वाटला, पण मी आईच्या डोळ्यात औषध घालत होते. आणि ते खोटं बोलले नव्हतेच. कुत्री गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीच्या ग्रुपवर 'बिबट्या जेरबंद' असं लिहून फोटो आले. पिंजऱ्याभोवती माणसंच माणसं. शेवटी तो व्हिडिओ होता, आदल्या संध्याकाळचा. अंगठ्यावरचा चाव्याचा वण मी आधी ओळखला, मग अर्धा कान. आईचा चहा तिला द्यायचा राहिला आणि मी तशीच पिशवी भरायला लागले. नगरला गाडी बदलून घरी पोचेपर्यंत दुपार झाली.

काय झालं ते मला जावेनंच सांगितलं. बिबट्यानं तिचं करडू नेलं, म्हणून वनखात्याकडून पिंजरा मागवला. पिंजऱ्याला मागे एक कप्पा असतो, मध्ये जाळी. त्या कप्प्यात जिवंत जनावर ठेवायचं, त्याच्या वासानं बिबट्या पुढच्या भागात शिरतो. खात्याच्या माणसांनी शेळी द्या म्हटल्यावर जावेची शेळी गाभण निघाली. दुसऱ्यांच्याही सगळ्या शेळ्या एकाएकी गाभण निघाल्या. वस्तीवरची दोन कुत्री धरायला गेले तर एका कुत्र्यानं एका माणसाची पोटरी फोडली. तेव्हा मालक पुढे झाले. "आमची जाती आपली आपन. हूं का चूं करत न्हाई."

अभिमानानं म्हणाले, असं जाऊ म्हणाली.

कुत्री पाण्याच्या टाकीच्या आणि भिंतीच्या सांदीत बसली होती. नाक जाळीवर घासून सोललेलं, पुढच्या पायांची नखं मुळातून तुटलेली. बिबट्या किती वाजता आत आला कुणाला ठाऊक नाही. पहाटे माणसं येईपर्यंत तो आणि ती एका जाळीच्या अंतरावर होते. मी जवळ गेले नाही. लांब, तिच्याकडे पाठ करून बसले. बऱ्याच वेळानं तिचा श्वास माझ्या पाठीला लागला, आणि मी रडले.

मालक गोठ्यात होते. मी विचारायच्या आधीच बोलायला लागले. "मधी जाळी हुती गं. जित्ती हाय ना ती? नखं तेवढी गेली, येत्याल परत. आख्खी वस्ती सुटली. पोरं आता शाळंत जात्याल. कुनी शेळी दीना, मंग मी काय करायचं?"

"वडून न्यायची हुती," मी म्हटलं. "दावं लावून फरफटत न्यायची हुती."

"वडून? ती चावली असती."

"चावली असती तर बरं झालं असतं. तिला कळलं असतं तुमी वैरी हाय म्हनून."

ते कडब्याकडे बघत म्हणाले, "तूच तर शिकवलंस तिला. अन् मलाबी."

पोरं शाळेत जातात हे खरं आहे. जावेचं लहान नातवंड आता अंगणात खेळतं, त्याचा मला आनंदच आहे. पण केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. लाथ मारणाऱ्या माणसापासून ती पळू शकत होती. प्रेमानं बोलणाऱ्यापासून पळायचं नसतं, हे मी तिला पाच महिने खपून शिकवलं होतं. जावेनं कुत्रीसाठी पुरणपोळी पाठवली, कपाळाला हळदकुंकू लावून तिचा फोटो काढायला माणसं आली. कुणीतरी हसत म्हणालं, तिचा विश्वास पानिपतात गेला. मी पुरणपोळी म्हशीला घातली आणि फोटोवाल्यांना हाकललं.

त्याच संध्याकाळी माझ्याकडून चूक झाली. अंधार पडायला लागला, हातात भाकरी होती, आणि सवयीनं शब्द गेला. चल घरात. ती जमिनीला चिकटली, जागच्या जागी मुतली, आणि उसात पळाली. मी हाक मारत बांधावर फिरले, पण ती तीन दिवस आली नाही. मालकांनी माझ्या शब्दानं तिला नेलं, त्यामुळे त्या शब्दाची भीती आता माझ्याही तोंडाला चिकटली होती.

पाटाकडेला पुन्हा पावलं दिसली, तेव्हा खुराडं मी भंगारवाल्याला देऊन टाकलं. खताची खोली रिकामी केली, धुतली, जुनं पोतं टाकलं, आणि पुन्हा लसूण घेऊन उंबऱ्यावर पाठ करून बसले. या वेळी भाकरीचा तुकडा वीतभर नाही, बोटभर सरकायचा. पावसाळा गेला, दिवाळी आली, आणि आता कुठे ती दार लावलं तरी आत झोपते. तिच्यासाठी नवा शब्द आहे. तो मी इथंही लिहीत नाही, कारण मालक चष्मा लावून माझं लिहिलेलं वाचतात.

ते वाईट माणूस नाहीत. रोज संध्याकाळी अंगणात तुकडा धरून बसतात. कुत्री येते, मान लांब करून तुकडा घेते, पण मागचे पाय तिथंच रोवलेले. परवा ते मला म्हणाले, "मागचं पाय बग, पळायच्या बेतातच असत्यात." हे बघायलाही मीच शिकवलेलं. मग त्यांनी विचारलं, "आता काय म्हनतीस तिला, आत जायला?"

"काय न्हाई," मी म्हटलं. "आपली आपन जाती."

काल माहेराहून भावजयीचा फोन आला. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय, आई रोज माझी वाट बघते. मालक शेजारीच बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं.

"जा की," ते म्हणाले. "मी हाय की."

मी भावजयीला सांगितलं, या खेपेला जमेल असं वाटत नाही. मालक उठले, बॅटरी घेतली आणि विहिरीकडे गेले. कुत्री खताच्या खोलीसमोर येऊन उभी राहिली, माझ्या तोंडाकडे बघत. मी भाकरी हातात धरून थांबले. विहिरीवरची मोटर सुरू झाल्याचा आवाज आला, मग मी तिला हळूच शब्द सांगितला.