कावेरीचा क

कावेरी चटईवर उताणी पडली होती. डोळे अर्धवट मिटलेले. दुपारचे तीन वाजले असतील. मेहकरच्या माझ्या क्लिनिकच्या खिडकीला निळा पडदा आहे, त्यामुळे त्या वेळी खोलीत पाण्याखाली असावा तसा उजेड असतो. पंखा सावकाश फिरत होता. मी तिच्या उशाशी बसून वाट बघत होते. बऱ्याच वेळाने तिच्या घशातून एक बारीक, कोरडा आवाज आला.

"क."

मग थोडं थांबून, "काकू."

मी स्पीच थेरपिस्ट आहे. ज्या मुलांचं बोलणं अडतं किंवा उच्चार चुकतात, त्यांना शिकवणं हे माझं काम. सात वर्षांची कावेरी क च्या जागी त म्हणायची, ख च्या जागी थ आणि ग च्या जागी द. स्वतःचं नाव ती 'तावेरी' सांगायची. क म्हणताना जिभेचा मागचा भाग वर उचलावा लागतो. तिची जीभ सवयीने पुढचा भाग उचलायची. उताणं पडलं की जीभ आपोआप मागे सरकते, म्हणून ती चटई.

पाच महिने ती आठवड्यातून दोनदा येत होती. माझ्या खोलीत आता तिचे दहापैकी नऊ क बरोबर यायचे. मी खूश होते.

त्या दिवशी सेशन संपल्यावर तिची आई, मंगल, दारातच थांबली. सुलतानपूरहून बसने यायचं म्हणजे कावेरीची निम्मी शाळा बुडायची आणि मंगलचं शेतातलं काम राहायचं. आता शाळेत एक विशेष शिक्षिका येऊ लागल्या होत्या, इंगळे मॅडम. अडचण असलेल्या मुलांना त्या तिथेच शिकवायच्या. त्यांच्या वारांपैकी एक नेमका माझ्याच वारी यायचा.

"मॅडम, हिले तिथं शिकवू का इथं आणू?" मंगलने विचारलं. "हिचे पप्पा म्हणतात, शाळंत काही होत नाही, मेहकरलेच ने. पन ही वर्गात तोंडच उघडत नाही. वर्गाच्या बाई म्हणतात, मुकी झाल्यासारखी बसते."

हे मला नवीन होतं. 'इथंच आणा' असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण म्हटलं, मला एकदा शाळा बघू दे, मग सांगते.

दोन दिवसांनी मी सुलतानपूरला गेले. शाळेच्या आवारात कडुनिंबाची सावली पसरली होती आणि वर्गातून पाढ्यांचा एका लयीतला आवाज येत होता. प्रवासाची गुंगी होती की त्या लयीची, कोण जाणे, पण मी मागच्या बाकावर बसले तेव्हा सगळं लांबून ऐकू येतंय असं वाटत होतं. वाचनाची पाळी फिरत फिरत कावेरीपाशी आली. ती उभी राहिली. पुस्तकात पाहत राहिली. मग बाईंनी मायेने मान हलवली आणि पाळी पुढे गेली. तिला त्रास नको म्हणून रोज असंच होत असावं. ती खाली बसली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला ते फार लागलं.

नंतर इंगळे मॅडमचं सेशन. जागा म्हणजे व्हरांड्याचा कोपरा. शेजारी खिचडी शिजत होती, तिचा वास आणि मुलांचा गलका. चार मुलं एकत्र. मॅडम म्हणायच्या "क, क, क" आणि कावेरी त्यांच्या मागून हळूच "त, त, त". आमच्या शास्त्राप्रमाणे हे साफ चूक. चुकीचा आवाज शंभर वेळा घोटला की तोच पक्का होतो. मी मनातल्या मनात निर्णय घेऊन टाकला. मेहकर.

तेवढ्यात बाकीची मुलं ताटल्या घ्यायला पळाली. कावेरी मात्र मॅडमच्या गुडघ्याला टेकून बसली आणि आपण होऊन बोलायला लागली.

"मॅडम, सपनात मी तापसावर झोपली होती. तो तापूस वर वर जाऊन राह्यला होता. थाली आपलं दाव बारीत दिसे."

"शाळा दिसली का?" इंगळे मॅडमनी विचारलं.

"शाळा तुठंच दिसे ना."

मग त्या कापसावर आणखी कोण कोण चढलं, ते तिने सांगितलं. म्हैस चढली, आजी चढली, आजी घाबरली. ती हसत होती, हात उंच करून दाखवत होती. इंगळे मॅडमनी एकही शब्द सुधारला नाही. त्या नुसत्या ऐकत होत्या, जणू खिचडी, घंटा, शाळा सगळं थांबलं आहे.

मी खांबाशी उभी होते. पाच महिन्यांत कावेरीने मला शब्द दिले होते. काकू, काकडी, कागद. स्वतःचं एक वाक्य दिलं नव्हतं. मीही कधी मागितलं नव्हतं. थोडं वाईट वाटलं. थोडं नाही, बरंच.

मुलं जेवत असताना आम्ही दोघी बोललो. मी विचारलं, तुम्ही तिला मध्येच सुधारत का नाही?

"टोकलं का गप होते," त्या म्हणाल्या. "मग आठ दिवस बोलत नाही. क कसा काढाचा, ते मले खरंच माहीत नाही मॅडम. कोणी सांगितलंच नाही."

आमच्या कामात एक गोष्ट असते, कॅरी-ओव्हर. खोलीत शिकलेला आवाज खोलीबाहेर वापरता येणं. तो जिथे बोलायचं तिथेच घडतो. कावेरीला बोलायचं होतं वर्गात, आणि तिथे माझा निळा पडदा नव्हता. मी इंगळे मॅडमना चटईची युक्ती दाखवली. आवाज चुकला की तोच न घोटता थांबायचं, हेही सांगितलं. त्यांनी एका जुन्या सतरंजीवर स्वतः उताणं पडून क म्हणून पाहिला आणि हसल्या.

संध्याकाळी मी मंगलला म्हटलं, शाळेतच शिकू दे. महिन्यातून एका रविवारी माझ्याकडे आणा, मी तपासून पुढचं ठरवून देईन.

"म्हंजे तुम्ही सोडून राह्यले काय हिले?" तिने विचारलं.

"नाही. ती कुठं बोलते ते मला आज कळलं."

कावेरीच्या वडिलांना हे पटलं नाही. पुढे दोन महिने काहीच फरक दिसेना, तेव्हा मलाही माझ्या सल्ल्याबद्दल शंका यायला लागली. माझ्या खोलीतले तिचे क सुद्धा दहापैकी सहावर आले. इंगळे मॅडमचा मात्र धीर सुटला नाही. त्या वर्गातल्या बाईंशी बोलल्या. कावेरीची वाचनाची पाळी टाळायची नाही असं ठरलं. एक ओळ, तीही बाई आणि कावेरी दोघींनी मिळून वाचायची.

क बसायला वर्ष लागलं. माझ्याकडे कदाचित लवकर बसला असता. पण दिवाळीनंतर कावेरी वर्गात एकटी उभी राहिली आणि तिने आठ ओळी वाचल्या. त्यात तीन क बरोबर होते, बाकी त. मागचा एकजण हसला. ती थांबली, त्याच्याकडे पाहिलं आणि पुढची ओळ वाचायला लागली. हे मला इंगळे मॅडमनी फोनवर सांगितलं.

अजून पालक विचारतात, खाजगी थेरपी बरी की शाळेतली? मी आधी शाळेचं नाव विचारते. सोमवारी माझं क्लिनिक आता बंद असतं, त्या दिवशी मी शाळांमध्ये जाते.