लाल पट्ट्याच्या पेट्या

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग ऐका. माझा हा गाढवपणा ऐकताना ठसका लागला तर मला बोल लावू नका.

आमचं घराणं मूळ रंगाऱ्यांचं. आजोबांनी रंगवलेल्या साड्या अख्ख्या म्हैसुरात जायच्या. आता माझा थोरला भाऊ, अण्णा, देवराज मोहल्ल्यात लाकडी पेट्यांचा कारखाना चालवतो आणि मी त्याच्या हाताखाली. आणि ह्या रंगाऱ्याच्या नातवाला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. दोन्ही सारखेच मातकट. पन्नाशी आली तरी मी कुणाला सांगितलं नव्हतं. कोणत्या तोंडानं सांगणार?

मग हवाई दलाचं काम आलं. अधिकारी मॅडम साताऱ्याकडच्या, बोलणं एकदम सरळ.

"ह्या पेट्या आम्ही लांबच्या विमानतळावर आधीच नेऊन ठेवणार. हुकूम आला की आमची माणसं नुसती विमानात बसतील. सामानाच्या ट्रकची वाट बघत बसायला नको. उतरल्या उतरल्या लाल पट्ट्याची पेटी उघडायची, त्यात तंबू. हिरव्या नंतर, त्यात भांडी."

अण्णाला बेंगळूरला जायचं होतं. "बेगा बेगा, लवकर पट्टे मारून ठेव. परवा चाचणी आहे. हे काम टिकलं तर कारखाना टिकला, समजलं ना?"

समजलं की. तंबूच्या आणि भांड्यांच्या पेट्या भरून तयार, रंगाचे दोन डबे समोर. शेजारी विचारता आलं असतं, पण सुम्ने, उगाच कशाला लाज घालवायची? मी डबे हलवून बघितले. जड डबा लाल, असं ठरवलं. का? ते मला आजही सांगता येत नाही.

चाचणीला मैदानात पेट्या मांडल्या. मॅडमनी घड्याळ दाबलं. जवान लाल पट्ट्यांवर तुटून पडले आणि आतून निघाल्या कढया. मग झारे. मग आणखी कढया.

"तंबू कुठंय?" मॅडमनी विचारलं.

मी पुढं झालो. "मॅडम, माणसं दमून येणार. आधी जेवण बरं, म्हणून..."

"आणि पाऊस असला तर कढई डोक्यावर घ्यायची?"

बेंगळूरहून परतलेला अण्णा पांढराफटक पडला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही जरा लाल पेटीपाशी जाऊन उभे राहता?"

मी ऐटीत चालत गेलो आणि हिरव्या पेटीवर हात ठेवला.

जवान हसायला लागले. शेवटी मीच सगळं सांगून टाकलं. वाटलं, गेलं काम, आणि कारखानाही गेला.

मॅडम विचारात पडल्या. "अंधारात दिव्याशिवाय उतरलो तर आमच्या लोकांना तरी लाल-हिरवं कुठं दिसणार? तुम्ही असता तर पेटी कशी ओळखली असती?"

"हातानं," मी म्हणालो. "कोपऱ्यावर खाच पाडायची. एक खाच आधी, दोन खाचा नंतर."

तिथंच पटाशीनं खाचा पाडल्या. जवानांनी डोळे बांधून चाचपलं. एकाचीही पेटी चुकली नाही. मॅडमनी सगळ्याच पेट्यांना खाचा पाडायला सांगितल्या आणि पुढचं कामही आम्हालाच दिलं. माझी छाती अशी फुगली म्हणता!

टेंपोतून परतताना मी म्हणालो, "अण्णा, इतकी वर्षं लपवलं, रागावू नको."

"काय लपवलंस? तुला रंग कळत नाहीत हे अख्ख्या घराला ठाऊक आहे. म्हणून तर दोन्ही डब्यांवर रंगाची नावं लिहून चिठ्ठ्या लावून गेलो होतो. तुला वाचताही येत नाही, हे मात्र आज कळलं."

चिठ्ठ्या होत्या खऱ्या. त्यांना मी ब्रश पुसले होते.